एक जूननंतर तो कुठे जाणार?

पत्र बडोद्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५२ वर्षांच्या आहेत, दांडिया बाजाराच्या बाजूला जुन्या घरात राहतात. घरात बँकेतून निवृत्त झालेले यजमान, कॉलेजात जाणारी १९ वर्षांची मुलगी आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. मोठा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. पाच वर्षांपूर्वी गणपतीत मैत्रिणींबरोबर एका बालगृहात प्रसाद वाटायला गेल्या, आणि नंतर दर रविवारी तिथे गणित शिकवायला जाऊ लागल्या. तिथल्या एका मुलावर जीव जडला. बाल कल्याण समितीची (संस्थेतल्या मुलांबद्दलचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) परवानगी काढून दिवाळीला, उत्तरायणाला तो दोन-दोन दिवस घरी राहूनही गेला. तो नऊ वर्षांचा असताना आई वारली. वडील दारूच्या आहारी गेले, दोनदा भेटायला आले, पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. धाकटी बहीण आहे, ती मुलींच्या संस्थेत असते. मुलगा दहावी होऊन तरसालीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला आहे. येत्या १ जूनला कागदोपत्री १८ वर्षं पूर्ण होतील. गृहपतींनी सांगितलं आहे की त्यानंतर सोय त्याची त्याने बघायची.

ताईंना त्याला दत्तक घ्यायचं आहे. यजमानांचा विरोध आहे: घरात तरुण मुलगी आहे, आणि रक्ताचं नाही ते नाहीच. सासूबाई सुनेच्या बाजूने. त्या म्हणतात, या गावाचे महाराजच बाराव्या वर्षी दत्तक आले होते. मुलगी काहीच बोलत नाही. चार महिने घरात याच विषयावरून धुसफूस आहे. शेवटी ताई लिहितात: "मागे हटले तर तो आयुष्यातून उठेल असं वाटतं, आणि घरी आणलं तर घर मोडेल असं वाटतं. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पाच पानांत तुम्ही त्याच्याबद्दल पुष्कळ सांगितलंत. पुरणपोळीवर त्याला तूप नको, दूध लागतं. सासूबाईंचा बंद पडलेला रेडिओ त्याने उघडून सुरू करून दिला. आणि घरी आला की तो चपला दाराबाहेर ठेवत नाही, हातात धरून आत आणतो आणि कोपऱ्यात ठेवतो. हे वाचून मी थांबले. साठ मुलांच्या घरात चपला बाहेर राहिल्या की दुसऱ्याच्या पायात जातात. पाच वर्षं तुमच्याकडे येऊन त्याची ती सवय गेलेली नाही, आणि तुमच्या नजरेतूनही ती निसटली नाही. माया कशी करायची हे तुम्हाला मी सांगायला नको. मी तुम्ही घातलेल्या प्रश्नाबद्दलच बोलते, कारण मला तो प्रश्न तुमच्यावर अन्याय करणारा वाटतो.

दत्तक घ्या, नाहीतर मागे हटा. तुमच्या घरात चार महिने या दोनच वाटा बोलल्या जात आहेत. त्यातली पहिली मुळात मोकळी आहे का, हे आधी बघू.

बाल न्याय कायदा २०१५ चा. त्याखाली दत्तक घेता येतं ते १८ पूर्ण न झालेल्या मुलाला, आणि तेसुद्धा बाल कल्याण समितीने ते मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त आहे असं जाहीर केल्यावर. या मुलाचे वडील आज कुठे आहेत ठाऊक नाही, पण ते नाहीत असाही कागद नाही. त्यांचा शोध, चौकशी, समितीचा आदेश हे दोन महिन्यांत उरकणारं काम नाही. शिवाय नातेवाईक, सावत्र पालक किंवा प्रतिपालक कुटुंब (दत्तक न घेता मूल घरी सांभाळणारं, फोस्टर) सोडलं तर ओळखीचं एखादं मूल 'हेच हवं' म्हणून मागून घेता येत नाही. नोंदणी करून रांगेनेच जावं लागतं. दुसरा कायदा १९५६ चा, हिंदू दत्तक आणि निर्वाहाचा. त्यात रूढीचा अपवाद सोडला तर मुलाने वयाची १५ वर्षं पूर्ण केलेली चालत नाहीत, आणि मुलगा दत्तक घ्यायचा तर घरात आपला मुलगा हयात असून चालत नाही. तुमचा मुलगा बंगळूरला सुखात आहे, तो तसाच राहो. पण त्यामुळे ही वाटही बंद. कोणी स्टँप पेपरवर दत्तकपत्र करून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. त्या कागदाने तो तुमचा वारसही होणार नाही आणि सरकारी मदतीच्या वेळी मात्र नको तो घोळ होईल.

म्हणजे ज्या गोष्टीवरून तुम्ही दोघं चार महिने अबोला धरताय, ती गोष्ट होण्यासारखीच नाही. वाचून वाईट वाटेल. पण यजमानांना हे आजच वाचून दाखवा, आणि मग दोघं जण पहिल्यापासून बोलायला बसा.

सासूबाईंचा मुद्दा मला आवडला. कवळाण्याचे गोपाळराव १८६३ चे. २७ मे १८७५ ला महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते सयाजीराव झाले. म्हणजे बारा वर्षांचं, सगळं कळणारं, स्वतःचं नाव आणि गाव असलेलं मूल. मोठं मूल रुजत नाही म्हणणाऱ्यांना बडोद्यात राहून तरी तसं म्हणता येऊ नये. पण ते दत्तक गादीला वारस हवा होता म्हणून होतं. आपल्याकडे दत्तक हा शब्दच वंश, पिंड, गादी, वाटणी यांच्या संगतीत वाढला, आणि यजमान 'रक्ताचं' म्हणतात तेव्हा तो जुना अर्थ बोलत असतो. तुम्हाला वारस नकोच आहे. तुम्हाला एका मुलाच्या डोक्यावर छप्पर हवं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी दत्तकाची गरज नसते. सासूबाईंना आणखी एक आठवण करून द्या. गोपाळराव एकटे आले नव्हते. त्यांचे भाऊही बडोद्याला आले.

आता मी ज्या वाक्याशी तिन्ही वेळा अडले तिथे येते. "धाकटी बहीण आहे, ती मुलींच्या संस्थेत असते." पाच पानांत तिच्यासाठी एवढी एकच ओळ.

ती तेरा वर्षांची, असं तुम्ही दुसरीकडे ओघात लिहिलं आहे. म्हणजे आई गेली तेव्हा ती चारची होती आणि तो नऊचा. मुलांची आणि मुलींची संस्था वेगळी, म्हणून आई गेली त्याच काही दिवसांत एकमेकांपासूनही दोघं तुटली. किती वेळा भेटतात? राखीला? की फक्त समितीसमोर तारीख असते तेव्हा? त्याच्या बोलण्यात ती येते का? नसेल येत, तर त्याचा अर्थ ती त्याच्या मनात नाही असा घेऊ नका. नऊ वर्षांच्या भावाला, मरणाच्या दारातल्या आईने 'तिला सांभाळ' म्हटलं असेल किंवा नसेलही. मोठ्या भावांना ते न सांगताही ऐकू येतं.

१ जूनला तो कायद्याने सज्ञान होतो आणि ती पुढची पाच वर्षं संस्थेत राहते. त्या दिवशी त्याचा पत्ता बदलेल. त्याच्या संस्थेच्या पत्त्यावर तिच्या फायलीत नोंद असेल तर ती नोंद त्या दिवसापासून खोटी ठरेल. भावंडं अशीच हरवतात, कोणाच्या दुष्टपणाने नाही. त्यामुळे जूनच्या आत त्याच्याकडून समितीला एक अर्ज जाऊ द्या: ही माझी सख्खी बहीण आहे, दोघांच्याही फायलीत तशी नोंद करावी, भेटीचे दिवस ठरवून द्यावेत, माझा नवा पत्ता आणि फोन नंबर तिच्या वैयक्तिक देखभाल आराखड्यात लिहावा, आणि तिच्याबद्दल काही मोठा निर्णय होणार असेल तर मला कळवावं. दत्तकाच्या नियमांमध्येही भावंडांना वेगळं करू नये असंच धरलेलं आहे. तो आता त्या वयाच्या पलीकडे गेला, तरी एक भाऊ आहे आणि त्याला संबंध ठेवायचा आहे हे समितीला लेखी ठाऊक असणं फार मोलाचं आहे. तिलाही विचारायला हवं, ती तेरा वर्षांची आहे, तिचंही मत असेल.

गृहपतींनी सांगितलं ते अर्धंच खरं. १८ पूर्ण झाल्यावर बालगृहात राहता येत नाही हे खरं. पण 'तुझं तू बघ' असं कायदा म्हणत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे. या मदतीला पश्चात देखभाल म्हणतात. आफ्टरकेअर हा शब्द कचेरीत सगळ्यांना कळतो. ती २१ वर्षांपर्यंत मिळू शकते, आणि खास परिस्थितीत त्यापुढे आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्य योजनेत तिच्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरलेले आहेत. बडोद्यात एवढ्यात एकट्याचं भागत नाही, पण तिघांत खोली घेतली तर भाडं आणि डबा यांचा बराच भाग सुटतो. आयटीआयचं एक वर्ष बाकी आहे, हे त्याच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण आहे. ते अर्जात पहिल्या ओळीत यायला हवं.

नियमांप्रमाणे मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या सोयीचा आराखडा समितीपुढे जायला हवा. १ जूनच्या दोन महिने आधी म्हणजे १ एप्रिल. म्हणून तुम्ही या आठवड्यात एकच प्रश्न घेऊन गृहपतींकडे जा: त्याचा आराखडा तयार झाला का, आणि त्यात त्याने स्वतः काय सांगितलं आहे? रागावून विचारू नका. त्या माणसाच्या अंगावर साठ मुलं आहेत आणि बहुधा तुमच्याइतका वेळ त्यांच्याकडे नाही. तयार नसेल तर त्याला घेऊन जिल्ह्याच्या बाळ सुरक्षा एकमच्या, म्हणजे बाल संरक्षण कक्षाच्या, कचेरीत जा. अर्ज त्याने लिहावा, गुजरातीत, त्याच्या अक्षरात. तुम्ही शेजारी बसा. अधिकारी तुमच्याकडे बघून बोलतील, कारण तुम्ही मोठ्या आणि पांढरपेशा दिसता. तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघा. पुढची पाच-दहा वर्षं त्याला अशा टेबलांपुढे एकट्याने उभं राहायचं आहे. मंजुरीला वेळ लागतो, पैसे २ जूनला खात्यात येणार नाहीत. मधल्या तीन-चार महिन्यांची तरतूद हीच तुमच्या पैशांची खरी जागा.

पुण्याच्या नणंदेने सांगितलेलं अनाथांचं एक टक्का आरक्षण महाराष्ट्र सरकारचं आहे, २०१८ चं. गुजरातेत त्याचा उपयोग नाही. त्यामागे आता वेळ घालवू नका.

कागदांमागे मात्र घाला, आणि इथे मला तुमच्या यजमानांची आठवण होते. संस्थेतल्या मुलांच्या आधारवर पत्ता संस्थेचा असतो, आणि पुष्कळदा मोबाइल नंबरही कचेरीतला. म्हणजे बाहेर पडल्यावर बँकेचा, गॅसचा, नोकरीचा प्रत्येक ओटीपी अशा फोनवर जातो जो उचलणारा कदाचित बदललेला असतो. त्याचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्यायला हवा. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, म्हणून उघडलेलं खातं १८ नंतर नव्या सहीने, नव्या केवायसीने चालू करावं लागतं, नाहीतर पैसे येऊन अडकतात. पॅन काढायचं आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असल्यास तो, समितीच्या प्रत्येक आदेशाची प्रत, आईचा मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद आणि लहानपणचे फोटो. हो, फोटोसुद्धा. तुमच्या मुलांच्या लहानपणाचे अल्बम तुमच्या कपाटात आहेत. त्याचं लहानपण कोणत्या तरी कचेरीतल्या गठ्ठ्यात आहे, आणि एकदा तो बाहेर पडला की ते मागायला त्याला संकोच वाटेल. हे सगळं एका फायलीत, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, आणि फोनमध्ये एक प्रत.

तीस-पस्तीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला हे काम डोळे मिटून जमेल. 'तुम्ही त्याला मुलगा माना' असं यजमानांना म्हणू नका. 'त्याचं खातं तेवढं बघाल का' असं विचारा. पुष्कळ पुरुषांना माया कामातूनच करता येते.

त्यांची काळजीही बाजूला सारू नका. घरात तरुण मुलगी आहे म्हणून ते घाबरले, यात मुलावर आरोप असेलच असं नाही. मला तर त्या मुलाचीही तीच काळजी वाटते. अशा घरात राहणाऱ्या बिनहक्काच्या पोरावर पहिला संशय येतो. पाकिटात शंभराची नोट कमी भरली, मोलकरणीशी कोणी मोठ्याने बोललं, मुलीला फोन आला, आणि सगळ्यांच्या नजरा नकळत त्याच्याकडे वळल्या, असं घडायला वाईट माणसं लागत नाहीत. त्याला ते लगेच कळेल. म्हणून माझं मत विचाराल तर त्याने तुमच्या घरात राहू नये, तुमच्या जवळ राहावं. आयटीआयच्या जवळ, तरसाली किंवा मकरपुऱ्याकडे, बरोबरच्या दोन मुलांबरोबर खोली, नाहीतर वसतिगृहात जागा. संस्थेतून आलेल्या मुलाला घरमालक चटकन खोली देत नाहीत. 'गाव कुठलं, वडील काय करतात' इथेच बोलणं थांबतं. तिथे यजमानांनी सोबत जाऊन 'मी ओळखतो याला' म्हणणं, भाडेकरार वाचणं, पोलिसांतली भाडेकरूची नोंद करून घेणं, हे त्याच्यासाठी दत्तकपत्राहून जास्त कामाचं आहे.

आणि मुलगी. तिचं गप्प बसणं तुम्ही होकार धरलंत असं पत्रावरून वाटतं. ती चौदा वर्षांची असल्यापासून तुमचे सगळे रविवार दुसरीकडे गेले. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणजे तिला काही वाटलं नाही असं नाही. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर विचारू नका. तिला कमाटीबागेत फिरायला न्या, वाटेत शेव-उसळ खा, आणि आधी तिच्याबद्दल विचारा. त्याच्याबद्दल नंतर. ती काय म्हणेल ते ऐकताना त्याची बाजू घेऊ नका, त्या दिवशी तरी.

तुम्ही लिहिलंत, "मी त्याला सांगून ठेवलंय, तू आमचाच आहेस." ताई, तुम्ही ते मनापासून म्हणालात. पण संस्थेतल्या मुलांनी हे वाक्य खूप जणांकडून ऐकलेलं असतं. वाढदिवसाचा केक घेऊन येणारे, श्राद्धाचं जेवण घालणारे, कंपनीकडून दप्तरं वाटायला येणारे, सगळे जाताना मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हणतात. तुम्ही त्यांच्यातल्या नाही हे त्याला तुमच्या शब्दांतून कळलेलं नाही. पाच वर्षं तुम्ही गणिताचं पुस्तक घेऊन पुन्हा आलात, त्यातून कळलं आहे. तेव्हा यापुढेही मोजकंच बोला, आणि बोलाल ते लहान असू द्या. रविवारी दुपारी जेवायला ये, नसशील येणार तर शनिवारी कळव. आजारी पडलास तर रात्री दोनलाही मला फोन कर. फॉर्मवर 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावं' असा रकाना असतो तिथे माझं नाव लिही. तो रकाना या मुलांना किती छळतो हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही.

मग जूननंतर काय होईल तेही सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. काही आठवडे तो फोन उचलणार नाही. हातात पैसे आले की पहिल्यांदा महागाचा मोबाइल घेईल, किंवा आधी बाहेर पडलेल्या एखाद्या मित्राला उसने देईल आणि ते परत येणार नाहीत. सुपरवायझर ओरडला म्हणून काम सोडून येईल. ज्याने घंटेवर उठून घंटेवर जेवायची सवय केली, ज्याने कधी भाजी विकत घेतली नाही, दूध उतू जाताना बघितलं नाही, त्याच्याकडून एका रात्रीत शहाणपणाची अपेक्षा करता येत नाही. आपली मुलं तिशीपर्यंत चुका करतात आणि घरी फोन करून पैसे मागतात, त्याला आपण 'शिकतोय' म्हणतो. असा एक मुलगा मला सांगत होता, खोलीवरची पहिली रात्र त्याने जागून काढली. वीस मुलांच्या हॉलमध्ये तो दहा वर्षं झोपला होता. शेजारी कोणी घोरत नाही, कोणी झोपेत बोलत नाही, त्या शांततेची त्याला भीती वाटली. शेवटी उठून त्याने पंख्याचा आवाज ऐकत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी कामावर डुलक्या काढल्या म्हणून बोलणी खाल्ली, आणि का डुलक्या येतात हे कोणाला सांगायचं ते त्याला कळेना.

म्हणून मेचा महिना वाया घालवू नका. रविवारचं गणित थोडं बाजूला ठेवा. त्याला खिचडी करायला शिकवा, एक भाजी, चहा. खंडेराव मार्केटला नेऊन शंभर रुपयांत आठवड्याची भाजी आणायला सांगा. महिन्याचा हिशेब वहीत मांडायला लावा. घरात 'एवढं करूनही' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य मात्र कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. उपकाराखाली वाढलेली मुलं आधीच फार आहेत.

तो आयुष्यातून उठेल, या तुमच्या भीतीबद्दल थोडं. ती तुमच्या प्रेमातून येते, पण ती पूर्ण खरी नाही. आई गेल्यावर, बापाने पाठ फिरवल्यावर हा मुलगा दहावी झाला आणि आयटीआयला लागला. त्यात तुम्ही होतात, आणि आणखीही कोणी कोणी असणार: स्वयंपाकाच्या मावशी, आयटीआयचे एखादे सर, आधी बाहेर पडलेला एखादा थोरला मुलगा. त्याला विचारा, त्याची आपली माणसं कोण. यादी तुम्हाला वाटते त्याहून मोठी निघेल आणि तुमच्या खांद्यावरचं ओझंही कमी होईल. त्या यादीत कदाचित वडीलही येतील. त्यांना शोधावं असं त्याला वाटत असेल, तर दुखावून घेऊ नका.

कारण पाच पानांत मला सगळ्यांचं मत सापडलं: तुमचं, यजमानांचं, सासूबाईंचं, नणंदेचं, गृहपतींचं. त्याचं सापडलं नाही. त्याला काय हवं आहे हे कोणी विचारलं आहे का? कदाचित त्याला दत्तक जायचंच नसेल. कदाचित आईने दिलेलं नाव आणि बापाचं आडनाव त्याला सोडवत नसेल. आणि १ जून हा त्याचा खरा वाढदिवस आहे का, हेही विचारा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून टाकण्याची रीत होती. त्याला आईने सांगितलेला एखादा सण, एखादी पौर्णिमा आठवत असेल.

ज्या वाचकांची गोष्ट थोडी वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी इथेच सांगते. संस्थेतल्या मुलाला घरी न्यायचं असेल तर समितीच्या लेखी परवानगीवाचून नेऊ नका, ओळख कितीही जुनी असो. या मुलांची ओळख कळेल असा फोटो किंवा नाव कुठेही टाकू नका. कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ताई, तुमच्या भाच्याने दिवाळीचा फोटो टाकला असं तुम्ही लिहिलंय, तो आज काढायला सांगा. ज्यांना लहान मुलाला घर द्यायचं आहे, पण दत्तकाची खात्री वाटत नाही, त्यांनी प्रतिपालनाची चौकशी करावी. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांवरच्या मुलांना असं कुटुंबात ठेवता येतं आणि दोन वर्षं नीट गेली तर त्याच कुटुंबाला दत्तकाचा अर्ज करता येतो. आई-वडील गेलेल्या भाच्या-पुतण्यांना गुजरातेत जे नातेवाईक सांभाळत आहेत त्यांच्यासाठी पालक माता-पिता योजना आहे, महिना ३,००० रुपयांची. तिचा अर्जही बाळ सुरक्षा एकमकडेच होतो. कोणतंही मूल संकटात दिसलं तर फोन १०९८.

ताई, येत्या रविवारी तो येईल तेव्हा यजमानांना घरीच थांबायला सांगा. जेवण झाल्यावर त्याला विचारा, आणि तो बोलेपर्यंत तुम्ही बोलू नका. तो बराच वेळ गप्प बसेल. बसू द्या. मग बहिणीबद्दल विचारा. राखीपौर्णिमेला दोघं भावंडं तुमच्याकडे जेवायला यावीत असं त्याच्या मनात असेल, तर तिच्या संस्थेकडून आणि समितीकडून परवानगी लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यातच द्या.